गुर्मेची गुर्मी

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी मी घरी एक सँडविच केलं. त्याला लागलेलं सामान असं: ग्रुयेर चीज दोनशे ग्रॅम, भरपूर मुरलेलं चेडर शंभर ग्रॅम, आदल्या दिवशी सांगून ठेवलेला सावरडो ब्रेड, बिनमिठाचं परदेशी लोणी, अर्धा किलो कांदे पाऊण तास मंद आचेवर परतून केलेला तपकिरी लगदा आणि एका चिमुकल्या कुंडीतून खुडलेल्या थाइमच्या चार काड्या. खर्च साडेअठराशे रुपये. वेळ सकाळी नऊ ते साडेअकरा. भांडी किती लागली ते सांगता येणार नाही, कारण ती मी घासली नव्हती.

फोटो अप्रतिम आला. अर्धं सँडविच वर उचललं आहे, चीजची तार लोंबते आहे, मागे खिडकीतलं ऊन. मित्रांनी कौतुक केलं, एका मावसबहिणीने ‘जिजूंकडून शिका जरा’ असं स्वतःच्या नवऱ्याला उद्देशून लिहिलं. प्रत्यक्ष सँडविच मात्र फसलं होतं. ब्रेड बाहेरून करपला होता, मधल्या चीजचा गाभा थंड होता आणि जे चीज वितळलं होतं त्यातून तेल सुटून ताटलीत तळं साचलं होतं. सावरडोच्या मोठाल्या भोकांतून बरंचसं ग्रुयेर तव्यावर गळून तिथे खरवडावं लागेल इतकं चिकटलं होतं. आम्ही सगळ्यांनी ते ‘मस्त’ म्हणत खाल्लं. साडेअठराशे रुपये खर्च झाल्यावर दुसरं काय म्हणणार?

बायकोने एकच प्रश्न विचारला. “ओटा कोण पुसणार?”

मला तो विनोद वाटला. मी हसलोही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं फार उशिरा दिलेलं उत्तर आहे.

‘गुर्मे’ हा शब्द मूळ फ्रेंच. अर्थ साधा आहे: खाण्यातला दर्दी. गाण्यातला दर्दी असतो तसा. म्हणजे तो माणसाचा गुण आहे, वस्तूचा नव्हे. पण आपल्यापर्यंत येईतो हा शब्द माणसावरून उठला आणि पाकिटावर जाऊन बसला. गुर्मे मीठ, गुर्मे पॉपकॉर्न, गुर्मे मखाने. दर्दी व्हायला वर्षं लागतात. गुर्मे व्हायला कार्ड पुरतं. मराठीत त्याच्या शेजारीच ‘गुर्मी’ हा शब्द आहे. दोघांचं व्युत्पत्तीने काही नातं नाही, पण शेजार चांगला जमला आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. घरी केलेल्या चीज सँडविचला आपण ‘गुर्मे’ म्हणतो तेव्हा आपण खरेदीचं कौतुक करत असतो. कौशल्याचं नाही, आणि कष्टाचं तर नाहीच नाही.

या सँडविचचा इतिहास बघा. अमेरिकेत ज्याला ग्रिल्ड चीज म्हणतात ते मुळात स्वस्त खाणं. त्याला दोन गोष्टींनी जन्म दिला आणि दोन्ही कारखान्यातून आल्या. पहिली, कापून मिळणारा ब्रेड. ओटो रोवेडर नावाच्या माणसाने बनवलेल्या यंत्रावर कापलेला ब्रेड १९२८ साली मिझुरी राज्यातल्या चिलिकोथी गावात विकायला आला. दुसरी गोष्ट प्रोसेस्ड चीज. स्वित्झर्लंडमधल्या थून गावी वॉल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर यांनी १९११ साली एमेंटाल चीज सोडियम सायट्रेट घालून वितळवलं आणि टिकाऊ केलं. अमेरिकेत जेम्स क्राफ्ट यांना १९१६ साली त्यांच्या पद्धतीचं पेटंट मिळालं. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला हे चीज डब्यांतून गेलं. पुढे मंदीची वर्षं आली आणि स्वस्त ब्रेडवर स्वस्त चीज हे कित्येक घरांचं जेवण झालं.

त्याहून बोलका प्रसंग १९८१ सालचा आहे. दुधाचे भाव सांभाळण्यासाठी अमेरिकी सरकार वर्षानुवर्षं चीज विकत घेऊन गोदामांत साठवत होतं. त्या वर्षी डिसेंबरात रोनाल्ड रेगन यांनी त्यातलं तीन कोटी पौंड चीज गरिबांना वाटायला काढलं. पाच-पाच पौंडांच्या लाद्या, प्रोसेस्ड चीजच्या. ‘गव्हर्नमेंट चीज’ हा शब्द तिथे गरिबीची खूण होऊन बसला. त्या लाद्या ज्यांनी खाल्ल्या त्यांच्यापैकी अनेकांच्या आठवणींत दोन गोष्टी एकत्र सापडतात: रांगेत उभं राहण्याची लाज, आणि त्या चीजचं सँडविच फार छान व्हायचं ही कबुली.

आणि २०१४ साली न्यूयॉर्कमधल्या एका रेस्तराँने हेच सँडविच २१४ डॉलरला विकायला काढलं. शँपेन घालून केलेला ब्रेड, ट्रफलचं लोणी, इटलीतलं दुर्मिळ चीज, कडेला खायच्या सोन्याचा वर्ख. अठ्ठेचाळीस तास आधी सांगावं लागे. जगातलं सर्वांत महाग सँडविच म्हणून गिनेस बुकात नोंद झाली. लाजेपासून वर्खापर्यंतच्या या प्रवासात बदललं काय? ब्रेड, चीज, लोणी आणि तापलेला पत्रा हा सांगाडा तोच. बदलली ती फक्त पावती.

आता त्या माझ्या ताटलीतल्या तेलाच्या तळ्याकडे वळू. ते का साचलं हे मला नंतर वाचून कळलं, आणि कळल्यावर लाज वाटली, कारण उत्तर माझ्याच फ्रिजच्या दारात निळ्या डब्यात पडलं होतं.

चीज म्हणजे केसीन या प्रथिनाचं जाळं. जाळ्याच्या गाठी कॅल्शियमने बांधलेल्या आणि मधल्या खणांत चरबी आणि पाणी. तापवलं की चरबी पातळ होते, गाठी सैल पडतात आणि चीज वाहू लागतं. चीज मुरत जातं तसं त्यातलं पाणी कमी होतं आणि प्रथिनं तुटत जातात. त्यातूनच ती खमंग, तिखटसर चव येते. पण चरबीला धरून ठेवायची ताकदही त्यातच जाते. म्हणून भरपूर मुरलेलं चेडर तव्यावर तेल सोडतं आणि मागे रबर उरतं. म्हणजे ज्या वयासाठी मी जास्त पैसे मोजले, त्याच वयाने माझं सँडविच बिघडवलं.

प्रोसेस्ड चीजमध्ये सोडियम सायट्रेट किंवा फॉस्फेटसारखी मिठं असतात. ती कॅल्शियमला बाजूला काढतात. मोकळं झालेलं केसीन चरबी आणि पाणी यांना एकत्र धरून ठेवतं. म्हणून ते एकसारखं, मऊ वितळतं. ही भेसळ नव्हे, ही वितळण्याची तजवीज आहे. आणि ज्यांना हे ऐकून नाक मुरडावंसं वाटतं त्यांनी स्विस फाँड्यूकडे बघावं. ग्रुयेर वितळवताना त्यात पांढरी वाइन ओततात, कुणी लिंबूही पिळतात. वाइनमधलं टार्टरिक आम्ल आणि लिंबातलं सायट्रिक आम्ल कॅल्शियमला धरून थोडंबहुत हेच काम करतात. मातीच्या भांड्यात केलं तर परंपरा, कारखान्यात केलं तर ‘ते काय खरं चीज आहे का’!

आपल्याकडच्या त्या निळ्या डब्यामागेही एक इतिहास आहे. खेडा जिल्ह्यातल्या दूध उत्पादकांनी व्यापाऱ्याच्या मनमानी भावाविरुद्ध संप केला, त्यातून १९४६ साली सहकारी संघ उभा राहिला आणि पुढे अमूल झालं. शेतकऱ्यांच्या सहकारातून आलेलं चीज ‘साधं’, आणि विमानाने आलेलं ‘गुर्मे’. हा फरक जिभेला कळत नाही. तो समाजात आपण कुठल्या पायरीवर उभे आहोत याची फार काळजी असणाऱ्या माझ्यासारख्यांना कळतो.

एवढं चीजचं. पण सँडविच फसायला चीज अर्धंच कारण होतं. उरलेलं अर्धं कारण माझी घाई. ब्रेड खरपूस होतो तो त्याचा पृष्ठभाग साधारण १४० अंश सेल्सियसच्या वर गेला की. लुई-कामी मायार यांनी १९१२ साली मांडलेली प्रथिनं आणि साखर यांची ती प्रक्रिया. पण पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तापमान शंभराच्या आसपास अडून राहतं. लोण्यातसुद्धा सोळा टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. म्हणजे आधी पाणी उडायला वेळ द्यायचा, मग रंगाची वाट बघायची. मोठ्या आचेवर काय होतं? लोण्यातला दुधाचा अंश जळतो, ब्रेड काळा पडतो आणि आतल्या चीजला उष्णता पोचायच्या आधी तुम्ही सँडविच उतरवून मोकळे होता.

यातून निघणारे नियम फुकटचे आहेत. ब्रेड शिळा, कालचा असावा. स्लाइस बारीक जाळीचा असावा, मोठ्या भोकांचा नको. चीज थंडगार जाड तुकड्यात न घालता किसून घालावं. लोणी तव्यावर न टाकता ब्रेडला कडेपर्यंत, कोपऱ्यांपर्यंत लावावं. आच मंद. आधी झाकण ठेवावं म्हणजे वाफेने चीज वितळतं. मग झाकण काढावं म्हणजे ब्रेड कुरकुरीत होतो. एका बाजूला चार मिनिटं तरी. उतरवल्यावर ताटलीत नाही, जाळीवर ठेवावं. नाहीतर खालची बाजू आपल्याच वाफेने मऊ पडते. एवढं केलं की वीस रुपयांच्या चीजचं सँडविचही असं होतं की खाणारा बोलायचा थांबतो.

हे सगळं नवीन आहे का? मुंबईत कुठल्याही कॉलेजच्या फाटकाशी उभं राहून सँडविचवाल्याचे हात बघा. तो लोणी कडेपर्यंत लावतो, कारण लोण्याचा थर असला की चटणीचं पाणी ब्रेडमध्ये मुरत नाही. बटाटा, काकडी, टोमॅटो, बीट यांच्या चकत्या तो इतक्या पातळ कापतो की त्यांच्यातून उष्णता झरकन पार होते. लांब दांड्यांचा, बिजागरीवर मिटणारा साचा विस्तवावर धरून तो उलटसुलट करतो. मधेच उघडून रंग बघतो, पुन्हा मिटतो. कडा दाबल्या जाऊन बंद होतात, म्हणून आतलं बाहेर येत नाही. चीज किसून, सढळ हाताने. ही सगळी पदार्थविद्या तो एका वेळी चार गिऱ्हाइकांचे हिशेब डोक्यात ठेवून, उन्हात उभा राहून करतो. गुर्मेची मूळ व्याख्या लावायची तर खाण्यातलं ज्याला सर्वांत जास्त कळतं असा माणूस तोच आहे. त्याला आपण ‘ए भैया, जल्दी’ म्हणतो.

तसंच कलाडीचं. जम्मूकडच्या डोंगरांत गुज्जर-बकरवाल हे चीज करतात. गोल चपटी वडी तव्यावर ठेवायची. ती आपल्याच चरबीत तळली जाते, बाहेरून सोनेरी पापुद्रा, आत लांब तार. मग ती कुलच्यात घालून द्यायची. उधमपूरच्या बाजारात हे सर्रास मिळतं. ग्रिल्ड चीज सँडविचचा अस्सल देशी भाऊ म्हणावा असा पदार्थ, आणि उधमपूरच्या कलाडीला भौगोलिक मानांकनही आहे. मी ग्रुयेरचा उच्चार घोटत बसलो होतो तेव्हा मला कलाडी हा शब्दही माहीत नव्हता. अज्ञान गुन्हा नव्हे. पण आपलं अज्ञान नेमकं कुठल्या दिशेला जास्त आहे, हे तपासलं की आपल्याबद्दल बरंच कळतं.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे ओट्याकडे.

मला त्या रविवारचा नाद लागला तो एका सिनेमामुळे. जॉन फॅव्हरोचा ‘शेफ’, तोही २०१४ सालचाच. त्यात बाप आपल्या मुलासाठी ग्रिल्ड चीज करतो तो छोटा प्रसंग आहे. लोण्याचा चर्र आवाज, बापाची एकाग्रता, सोनेरी ब्रेड. अतिशय सुंदर प्रसंग आहे आणि मी तो वीसेक वेळा पाहिला असेन. एकविसाव्यांदा पाहताना मनात आलं की हीच एकाग्रता आमच्या घरात रोज सकाळी पावणेसातला असते, आणि तिच्याकडे कॅमेरा कधी वळलेला नाही.

माझी मुलगी तेव्हा आठवीत होती. बालवाडीपासून तिचा डबा बायकोने भरला. आठवड्यातून निदान एकदा त्यात सँडविच असायचं. डब्यातलं सँडविच तव्यावरच्या सँडविचपेक्षा अवघड असतं, कारण ते चार तासांनी खायचं असतं. गरम असताना डबा बंद केला तर लगदा होतो, म्हणून ते आधी जाळीवर गार करायचं. टोमॅटो वगळायचा. चटणी घट्ट वाटायची. हे सगळं तिला येत होतं. कुठल्या पुस्तकातून नव्हे; परत आलेल्या डब्यातलं उरलेलं बघून ती शिकली होती. मी अडीच तास घालवून जे शोधलं नव्हतं ते तिला दहा मिनिटांत जमत होतं. त्या हिशेबाने तिने सुमारे दहा वर्षांत तीन-चारशे सँडविचं केली. मी एक केलं. फोटो माझ्या सँडविचचा आहे.

२०१९ साली भारत सरकारने लोकांच्या वेळाच्या वापराची देशभर पाहणी केली. सहा वर्षांवरच्या पुरुषांपैकी घरातल्यांसाठी बिनपगारी घरकाम करणारे निघाले सुमारे २६ टक्के. बायकांमध्ये ८१ टक्के. जे करतात त्यांचा दिवसाचा सरासरी वेळ पुरुषांचा ९७ मिनिटं, बायकांचा २९९. माझे अडीच तास त्या दिवशी पाहणीत आले असते तर मी सरासरीच्या कितीतरी वर गेलो असतो. शिवाय त्या अडीच तासांनी घरातलं काम कमी झालं नाही, वाढलं. चिकटलेला तवा, कांद्याची कढई, किसणी, तीन वाट्या, सांडलेलं लोणी. रविवारच्या नवऱ्याची पाककला ही बहुधा सोमवारच्या बायकोची भांडी असतात.

म्हणून म्हणतो, ‘घरच्या घरी गुर्मे’ या शब्दांत ‘घरच्या घरी’ हा भाग जास्त लबाड आहे. हॉटेलात गुर्मे खाल्लं तर निदान भांडी घासणाऱ्याचा पगार बिलात कुठेतरी धरलेला असतो. घरात तो धरलेला नसतो. रोज होतं ते काम, कधीतरी होतं ती कला. रोजच्याला कौतुक नाही, कधीतरीच्याला टाळ्या. हा भेद चवीने केलेला नाही, करणारा कोण आहे त्यावरून केलेला आहे.

यावर येणारे आक्षेप मला माहीत आहेत, कारण त्यातले बरेच मीच मित्रांशी वाद घालताना वापरले आहेत.

पहिला: कुणी स्वतःच्या पैशाने चांगलं चीज खाल्लं तर तुमचं काय जातं? काहीच नाही. ग्रुयेर फार सुंदर चीज आहे. आपल्या देशातही आता मेहनतीने उत्तम चीज करणारी माणसं आहेत, त्यांचं चीज जरूर घ्यावं. मी अजूनही वर्षातून एकदोनदा घेतो. पण सुरीने कापून, तसंच, दाराशी बसून खातो. ज्या चवीसाठी कुणी महिनोन्‌महिने थांबलं ती लोण्यात आणि कांद्यात बुडवत नाही. सँडविचमध्ये घालायचंच असेल तर थोडं, चवीपुरतं, वितळायला साधं चीज सोबत देऊन.

दुसरा: प्रोसेस्ड चीज आरोग्याला वाईट. मीठ त्यात भरपूर असतं हे खरं, आणि रोज खाऊ नये हेही खरं. पण मुरलेलं चेडर आणि खारवलेलं लोणी म्हणजे काही दुधीभोपळ्याचा रस नव्हे. चिंता आरोग्याची असेल तर दोन्ही बेताने खा. हां, वनस्पती तेलापासून केलेला, चीजसारखा दिसणारा पदार्थ ही वेगळी गोष्ट आहे. त्यासाठी पाकिटावरची बारीक अक्षरं वाचावीत. ‘गुर्मे’ हे मोठं अक्षर त्यासाठी उपयोगाचं नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक: पुरुष स्वयंपाकघरात येतोय हेच काय कमी आहे? सुरुवात रविवारच्या सँडविचनेच होणार ना? हा आक्षेप मला काही काळ पटला होता. पण मी स्वतःकडे पाहिलं. माझी सुरुवात सुरुवातीलाच थांबली होती. सँडविचनंतर मी डबा करायला लागलो नाही. मी ट्रफल तेल बघायला लागलो. ‘गुर्मे’ने मला स्वयंपाकघरात आणलं आणि ओट्यापासून सुरक्षित अंतरावर उभं केलं.

गेल्या वर्षीच्या जूनपासून मंगळवार आणि गुरुवारचा डबा माझ्याकडे आहे. यात शौर्य काही नाही, आठवड्यातले दोन दिवस. कालचा ब्रेड, किसलेलं साधं चीज, घट्ट चटणी, मंद आच, झाकण, जाळी. मुलगी डबा रिकामा आणते किंवा आणत नाही. तिच्याकडून मिळणारा अभिप्राय एवढाच. फोटो एकही काढलेला नाही, कारण त्या वेळी हात रिकामा नसतो.

ओटा मी पुसतो. पहिले काही आठवडे मला वाटायचं की मी तो स्वच्छ पुसला आहे. शेगडीच्या पायांखाली गेलेला ब्रेडचा चुरा, मिक्सरच्या मागे उडालेले चटणीचे थेंब, नळाच्या बुडाशी लागलेलं तूप हे मला दिसतच नसे. बायको काही न बोलता नंतर एकदा फडकं फिरवायची. दर्दी माणसाला बारकावे दिसतात म्हणतात. ओट्याच्या बाबतीत मी अजून दर्दी झालेलो नाही.

परवाच्या गुरुवारी मात्र तिने फडकं उचललं, ओट्याकडे पाहिलं आणि ते परत खुंटीला लावलं. मी मनातल्या मनात फुललो.

“किसणी राहिलीय,” ती म्हणाली, आणि ऑफिसला गेली.